कडीची नाणी

सोलापूर,
सोमवार, ता. २८ ऑक्टोबर १९२९

गं. भा. म्हाळसाअक्कांस हिंदुरावाचा रामराम.

गावी केमला सगळं ठीक असेल. ज्वारीची पेरणी उरकली का? म्हशीच्या पायाची सूज उतरली असेल. मी धडधाकट आहे. गिरणीच्या फाटकावरची नोकरी मात्र गेल्या बुधवारी सुटली.

यंदा भाऊबीजेला मी येणार नाही. वाट बघू नका. आणि हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नका. लढाईवर निघण्याआधी तुमच्या मालकानं, येडूनं, तुम्हांला अक्षरं शिकवली होती. सावकाश वाचा, पण तुमचं तुम्हीच वाचा.

तुम्ही मला हसायचा, की दादा दर मंगळवारी बाजारात मोडीच्या टोपल्या काय उपसत बसतात! नागव्वा म्हणून एक म्हातारी तिथं फुटके तांबे, कुलपं, बिजागऱ्या विकायला बसते. तिच्या टोपलीच्या तळाशी परमुलखातली नाणी असतात. लढाईवरनं परत आलेल्या शिपायांनी फुंकून टाकलेली. तुर्की, इराणी, कुठली कुठली. कुठलंही उचला, एका आण्याला. मी तुम्हांला सांगितलं होतं, छंद आहे. छंद नव्हता. मला एकाच जातीची हवी होती. चांदीची, वर वेलीसारखी अक्षरं, आणि दोऱ्यात ओवायला डाख देऊन कडी जोडलेली. इतक्या वर्षांत तीन मिळाली.

गेल्या मंगळवारी चौथं दिसलं. मी हात घालीपर्यंत शेजारच्या माणसानं ते उचललं. मडिवाळप्पा त्याचं नाव. कापडाचा दुकानदार, जुनी नाणी जमवतो. बोलायला मऊ.

मी म्हणालो, "ते माझं आहे. द्या इकडं."

"टोपलीतलं आहे, जमादार. हात माझा आधी पडला की," तो हसून म्हणाला. मग त्यानं ती कडी नखानं हलवून बघितली. "एवढी तोडून टाकली की बेस दिसंल."

अक्का, नागव्वाचं दोन शेराचं वजन माझ्या हातात कधी आलं ते मला कळलं नाही. पहिला घाव त्याच्या तोंडावर बसला. तो टोपलीवर कोसळला, तरी मी थांबलो नाही. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले, तर मी बोटांवर हाणलं. बोटं मोडल्याचा आवाज आला. नागव्वा माझ्या पाठीवर बुक्क्या मारीत ओरडत होती, "सोडा की वो त्येला! मरतंय की मानूस!" तिघाचौघांनी मला मागं ओढलं तेव्हा माझा सदरा त्याच्या रक्तानं भिजला होता. तो वाचला. डावा डोळा गेला.

नागव्वानं धुळीतनं ते नाणं उचललं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "ह्यो पैसा न्हाय, जमादार. कुना बाईचं लेनं हाय ह्ये. ह्याच्यापायी मारलासा व्हय?"

तिचं खरं होतं. ते एका बाईचंच लेणं होतं.

मी जामिनावर सुटलोय. वकील म्हणतो, लढाईवर डोकं फिरलं असं सांगू. पण मी कोर्टात सगळं सांगणार आहे, आणि ते तुम्ही परक्याच्या तोंडून ऐकू नये.

मोठी लढाई संपल्यावर आमची पलटण अरबांच्या मुलखात बंड मोडायला ठेवली होती, तेव्हा नदीकाठच्या एका गावात आम्ही हत्यारांची झडती घेत होतो. येडू आणि मी एका मातीच्या घरात शिरलो. आत एक म्हातारी एकटीच होती. तिच्या कपाळावर नाण्यांची पट्टी होती. मी ती ओढली. तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी बंदुकीच्या दस्त्यानं तिच्या मनगटांवर मारलं, मग डोक्यावर. येडूनं मागनं माझं मानगूट धरलं. "हिंदुराव, आपल्या आया हैत की रं घरी!" म्हणाला. मी वळलो. बंदुकीला संगीन लावलेली होती. चुकून लागली असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो. अक्का, चुकून लागली नाही. मी ती रेटली.

हवालदार धावत आला. मी म्हणालो, अरबानं भोसकलं आणि पळाला. येडू शुद्धीवर होता. त्यानं ते ऐकलं, माझ्याकडं बघितलं, पण माझं नाव सांगितलं नाही. तासाभरात त्या गावाला आग लावली. बायका, शेरडं, सगळी नदीकडं पळत होती. ती म्हातारी बाहेर पडली की नाही, मी बघितलं नाही. पट्टी माझ्या खिशात होती. परत आल्यावर दारूपायी ती इथंच एका मोडवाल्याला विकली, आणि दारू सुटल्यावर एकेक नाणं हुडकीत बसलो. सगळी मिळाली असती तरी कुणाला नेऊन देणार होतो?

तुमच्या ओसरीवर बसून मी तुमच्या हातचं जेवलो. कुंकू कुणी पुसलं ते माहीत असून तुमच्याकडनं ओवाळून घेतलं. तुम्ही गावात सांगायचा, माझ्या मालकांचा जीव ह्यांच्या मांडीवर गेला. ते खरं आहे. मांडी माझीच होती.

दर वर्षी तुम्ही विचारायचा, शेवटी काय बोलले? मी सांगायचो, तुमचं नाव घेतलं. घेतलं नव्हतं. आगीआधी त्याला उचलून घराबाहेर आणलं, तेव्हा त्यानं माझी बाही धरली आणि म्हणाला, "त्या म्हातारीला पानी दे." माझ्या कमरेला पाण्याची बाटली भरलेली होती. मी दिलं नाही.

येडूचा खून करणारा,
हिंदुराव