नवऱ्याचं नाव सांगा

परतूर,
१६ डिसेंबर २०२४

प्रिय अर्पिता,

सप्रेम जय भीम. तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, एवढंच.

काल पेन्शनच्या कामाला जालन्याला आलो होतो. काल रविवार होता, तेव्हा काम कसलं, हे तू ओळखलंच असशील.

बाळाचं तुझ्या मैत्रिणीकडून, प्रीतीकडून कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते राहिलं. निदान डिंकाचे लाडू तरी पोचवा, म्हणून आईने डबा माझ्या हातात दिला. प्रीतीने पत्ता सांगितला: गांधी चमनच्या मागे, मशिदीजवळच्या गल्लीत. फोन लावा म्हणाली. मी म्हटलं, तीस वर्षं मास्तरकी केली, एक घर सापडणार नाही?

नाही सापडलं. सकाळी नऊपासून पायपीट! जो तो हात वर करून 'सीधे जा' म्हणतो आणि सरळ रस्ता म्हणून तिथे एकही नाही. एकाने कुंडलिका नदीच्या पलीकडे, नव्या जालन्यात पिटाळलं. तिथे दुसऱ्याने थेट अर्पिता ब्युटी पार्लरच्या दारात नेऊन सोडलं. आतल्या बाई विचारतात, "काका, केस काळे करायचेत का?" तोंड काळं करून परत फिरलो, पुन्हा पूल, पुन्हा तोच धुरळा. चपलेचा अंगठा तुटला. जेवण नाही.

आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न. पानटपरीवाला तर वैतागलाच: "मास्तर, नवऱ्याचं नाव सांगा ना. नुसत्या अर्पितावर मी काय सांगू?"

मी त्याच्याशी भांडलो. माझ्या मुलीला स्वतःचं नाव आहे, म्हणालो. दिसायला तत्त्वाची गोष्ट. खरं म्हणजे तू गेलीस त्या दिवशी मी बोललो होतो की त्याचं नाव या घरात निघणार नाही, आणि ते घराबाहेरही माझ्या तोंडून निघेना.

चार वाजता एका ओट्यावर बसलो. समोरच्या दारातून एक तरुण मोटारसायकल काढत होता. आतून हाक आली, "तौफिक, येताना दूध आणा." तुझा आवाज होता, अर्पू. पाठोपाठ बाळ रडलं.

त्याने आणि मी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. त्यात माझी कानटोपी.

"काका, कोणाला शोधून राह्यले?"

दार उघडं होतं. दहा पावलं. आणि मी म्हणालो, "स्टेशन."

"लई दूर हाय. बसा, सोडतो."

दिवसभर ज्याचं नाव घेतलं नाही, त्याच्याच खांद्याला धरून स्टेशनवर आलो. खड्डा आला की तो गाडी हळू करायचा. माझा इतका राग आला मला, की काय सांगू. उतरल्यावर तोंडातून गेलं, "जल्दी घरी जा. बाळ लहान आहे."

तो बघतच राहिला. डबा त्याच्या हातात कोंबून मी फलाटाकडे पळालो. मागून त्याने "बाबा!" म्हणून हाक मारली. मी वळलो नाही.

तेवढं वळायला हवं होतं. तीन वर्षांतलं बाकी सगळं चुकलंच, पण कालचं जास्त लागलं.

येत्या रविवारी येतो. तौफिकचं घर कुठे, असंच विचारत येईन. तू दार उघडलं नाहीस, तर समोरच्या ओट्यावर बसून राहीन.

तुला, तौफिकला आणि बाळाला आशीर्वाद, द्यायचा हक्क उरला असेल तर.

तुझे
बाबा