त्यातल्या त्यात बरी

प्रिय डिल्विन,

अरे, आले! निवडून आले! एका मताने, तेही दोनदा मोजून, पण आले! काल दुपारपासून पाय जमिनीवर नाहीत माझे. आपली मॅम, आईच शेवटी, म्हणते, 'तेग्वेन, बस गं जरा खाली, शेजाऱ्यांना वाटेल आपल्याला लॉटरी लागली.' पण बसवतच नाही. हे पत्रसुद्धा ओट्याशी उभी राहून लिहितेय, म्हणून अक्षर असं पळतंय. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू 'छान, छान' म्हणतोस आणि लगेच तुमच्या तिकडच्या हेरफर्डच्या हवेवर बोलायला लागतोस. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही.

जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना बटाटे वाढलेली बाई कौन्सिलच्या पोटनिवडणुकीला उभी राहते, तुला हसूच येईल. मलाही येत होतं. पण आपली वरच्या आळीची बस बंद करायला निघाले ना हे लोक! कौन्सिलला विचारलं तर म्हणतात, कार्डिफहून पैसा येत नाही. कार्डिफवाले म्हणतात, लंडनने हात आखडलाय. लंडनवाल्यांना आपलं कूमहेलेन गाव नकाशावर तरी सापडेल का, देव जाणे. आणि मॅमच्या वयाच्या बायकांनी तो चढ पिशव्या घेऊन चढायचा! शेवटी माझंच डोकं फिरलं आणि उठून नाव देऊन आले. कुठल्या पक्षाची नाही, काही नाही, माझी मी.

आता अडचण होती आडनावाची. प्रोबर्ट. तुला सांगायला नको. याच गावाने तुला डोक्यावर घेऊन वेल्सचा आमदार म्हणून कार्डिफच्या सेनेडमध्ये पाठवलं, रग्बी क्लबात माईक हातात घेऊन तू म्हणालास, 'आपलं हॉस्पिटल बंद होणार नाही, हा माझा शब्द.' हॉस्पिटल बंद झालं आणि त्याच आठवड्यात तुमचं सामान ट्रकमध्ये होतं. तेव्हापासून इथे प्रोबर्ट म्हटलं की लोक आभाळाकडे बघतात. बस तर मला हवीच होती. पण तुला म्हणून सांगते, मला एकच गोष्ट बघायची होती: आपल्या घरच्या माणसावर हे गाव पुन्हा विश्वास टाकेल का? त्यासाठी मी त्या पावसात दारोदार हिंडले.

आणि काय ती दारं, बाबा रे! कुत्री परवडली. एक म्हणे, 'सगळे एका माळेचे मणी.' दुसरा म्हणे, 'मतं हवी असली की बरे दिसता तुम्ही!' एका बाईने तर दारातल्या पत्रांच्या फटीतून स्वतः मला सांगितलं, 'घरी कुणी नाहीये.' मी म्हटलं, 'बरं, आल्या की सांगा तेग्वेन येऊन गेली.' आतून हसण्याचा आवाज आला. मला तेवढ्यानेही हुरूप आला बघ.

मग आयोलोचं घर. खाणीतला आयोलो, तुझ्या प्रचारात शिडी घेऊन तुझी पोस्टरं लावत फिरायचा तो. त्याने दार उघडलं आणि मला पायरीवरच उभं केलं. म्हणाला, 'तुझ्या भावाला इथेच चहा पाजला होता मी.' मी म्हटलं, 'ठाऊक आहे.' मग म्हणाला, 'माझी बायको मॉर्विड डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात वारली. मी वेळेवर पोचलो नाही. बस चुकली.' मी तशीच उभी, पावसात. त्यानेच शेवटी दार लावता लावता सांगितलं, 'मी मतदानाला दर वेळी जातो. मत द्यायला नाही, शिवी द्यायला. कागदावर लिहून येतो, कुणीतरी वाचत असेलच.' मी घरी येऊन मॅमला म्हटलं, हे एक मत तर गेलंच. मॅम तव्यावरचे वेल्श केक उलटत म्हणाली, 'लिहू दे गं, मनातलं बाहेर तरी पडेल.'

आता मोजणीचं ऐक! सकाळी स्पोर्ट्स हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, सगळीकडे ओल्या कोटांचा वास. समोर माझ्याविरुद्ध उभा राहिलेला तो प्रिचर्ड, छातीवर पक्षाचा केवढा थोरला बिल्ला, आधीच सगळ्यांशी हात मिळवत फिरत होता. पहिली मोजणी झाली आणि आम्ही दोघं बरोबरीत! अगदी समसमान! पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. आता चिठ्ठी टाकावी लागणार, म्हणजे वॉर्डाचं भवितव्य टोपीतून निघणार, असं वाटत असतानाच निवडणूक अधिकारी हॅवर्डबाई म्हणाल्या, 'एक शंकेचा कागद बाजूला ठेवलाय, तो आधी बघू या.'

त्यांनी तो आम्हा उमेदवारांसमोर धरला. प्रिचर्डच्या नावापुढे 'चोर' लिहून वर काट मारलेली. तिसऱ्या उमेदवाराच्या नावापुढे 'हाही चोर', त्यावरही काट. आणि माझ्या चौकटीत, काट नाही काही नाही, नुसतं लिहिलेलं: 'हिचाही भरवसा नाही, पण त्यातल्या त्यात बरी.'

प्रिचर्ड लालबुंद झाला. म्हणतो, 'ही शिवी आहे, हे काय मत आहे?' मी म्हटलं, 'शिवी तर शिवी, माझ्या चौकटीत आहे ना!' हॅवर्डबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हसू दाबत होत्या, मला दिसत होतं. म्हणाल्या, 'मतदाराचा कल स्पष्ट असला की मत धरायचं, असा नियम आहे. आणि इतका स्पष्ट कल मी तरी आजवर पाहिला नाही.' झालं! एका मताने! मी किंचाळलेच, खरंच सांगते, लाजबीज काही आठवली नाही.

पण खरी मजा पुढे. संध्याकाळी क्लबात सगळे जमले, तिथे ती 'त्यातल्या त्यात बरी'ची गोष्ट कुणीतरी मोठ्याने सांगितली. लोक हसून हसून लोळायचे बाकी होते. आणि कोपऱ्यातून आयोलो ताडकन उठला! 'ते माझं होतं!' म्हणून ओरडला. 'मी मत दिलं नव्हतं, मी निषेध केला होता! तो मोजलाच कसा?' भडकला होता नुसता. अख्खा क्लब टाळ्या पिटतोय, कुणी त्याला बिअर पाजतंय, कुणी म्हणतंय, 'आयोलो, कौन्सिलर तुझी, आता गटारं तुंबली की आम्ही तुझ्याच दारात येणार.' बिचाऱ्याला पळायला जागा नाही!

अशा त्या गोंधळात कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. तोच क्लब, तीच जागा. आणि डिल्विन, माझा ऊर इतका भरून आला होता की तोंडातून निघून गेलं, 'बस बंद होणार नाही, हा माझा शब्द!' टाळ्या सुरू होणार तेवढ्यात मागून आयोलो गरजला, 'मागे घे! आत्ताच्या आत्ता मागे घे!' बसचा निर्णय अख्ख्या कौन्सिलने घ्यायचाय, माझं त्यात एक मत, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण त्या क्षणी खरंच वाटलं होतं रे, की माझ्या हातात आहे. मी माईक पुन्हा तोंडाशी धरला. मग म्हटलं, 'मागे घेते. बस वाचेलच असं सांगत नाही. भांडीन. आणि हरले तर तुमच्या एकेका दारात येऊन, हरले म्हणून सांगीन.' कुणी टाळी वाजवली नाही. पण जाताना एकेक जण येऊन माझा हात हातात घेऊन गेला. ती फटीतून बोलणारी बाईसुद्धा!

आणि आता हे पत्र कशासाठी ते. क्लबातून निघताना आयोलो पायऱ्यांवर माझी वाट बघत थांबला होता. म्हणाला, 'हॉस्पिटल त्याने बंद केलं नाही, एवढं कळतं आम्हाला. एकटा काय करणार होता तो? पण सांगायला आला नाही. पडदे लावून सामान भरलं. मी खिडकीतून बघत होतो, म्हटलं आत्ता येईल, आत्ता येईल.' डिल्विन, शनिवारी मी आभार मानायला दारोदार जाणार आहे. तू ये. भाषण नको, खुलासा नको, कार्डिफने काय केलं नि लंडनने काय केलं ते तर मुळीच नको. नुसता माझ्याबरोबर चाल आणि प्रत्येक दारात सांग, मला जमलं नाही. दारं आपटली जातील, मी शेजारी उभी असेन. कुठून सुरुवात करायची याची काळजी करू नकोस. आयोलो म्हणाला, 'त्याला सांग, पहिलं दार माझं. आणि चहा टाकूनच ठेवतो, नाहीतर पायरीवरूनच पळेल.'

तुझीच, आणि कालपासून अख्ख्या वरच्या आळीचीही,
तेग्वेन