पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे

२ मार्च, रविवार
अंजलीचा पुण्याहून फोन. लग्न २० एप्रिलला ठरलेलंच आहे, त्यात नवीन काही नाही. नवीन हे की ती म्हणाली, बाबा, मंगलाष्टकं तुम्ही म्हणा. भाड्याचा गायक नको. मी म्हटलं, अगं, मी जळक्या मोटरी भरून देणारा रिवायंडिंगवाला माणूस. ती म्हणाली, मला तुमचा आवाज पाहिजे लग्नात, बाकी काही मागत नाही. आपली साधी चाल म्हणा, सगळ्यांना येते ती.

फोन ठेवला. जळकी कॉइल हातातच होती. तिच्या बारशाला मी पाली गावात बोअरमधून मोटर ओढत होतो. शाळेच्या गॅदरिंगला एकदाही गेलो नाही; दरवर्षी नेमकी तेव्हाच कुणाची तरी मोटर जळायची. मागणारी पोरगी नाही ती. आज मागितलं.

तर ठरलं. म्हणणार. पण साधी चाल नाही. ती कुठल्याही लग्नात वाजते. माझ्या पोरीला हातानं भरलेलं वायंडिंग पाहिजे, रेडिमेड नको. शब्द माझे, चाल माझी, राग मी निवडणार.

जमेल. कान देवानं दिलेलाच आहे. मांजरसुंब्याच्या चौकात कुणालाही विचारा. शेतकरी शेतातून फोनवर नुसती घूंघूं ऐकवतो आणि मी इथून सांगतो, बेअरिंग गेलंय का फेज गेली. सगळं दुकान या दोन कानांवर उभं केलं. गाणं म्हणजे तरी काय, आवाजच.

३ मार्च, सोमवार
रोज पहाटे पाच ते सहा रियाज. आजपासून.

४ मार्च, मंगळवार
उद्यापासून. आज अमावास्येनंतरचा थकवा होता.

७ मार्च, शुक्रवार
रामहरी बुवांकडे गेलतो. आमच्या भजनी मंडळाची पेटी तेच वाजवतात. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं नाही.

म्हणाले, आधी पट्टी ठरवू. गळ्याला कुठला सा सोसतो त्यावर सगळं हाय. लावा सा.

मी डोळे मिटून लावला. खर्जात, भरदार. बुवांनी पांढरी पाच दाबली. मान हलवली. शेजारची काळी चार दाबली. पुन्हा मान हलवली. मग परत पांढरी पाच. असं बराच वेळ. शेवटी म्हणाले, नवनाथराव, तुमचा सा या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत हाय. तिथं बोट जात न्हाई.

दुपारी ते स्वतः दुकानात आले. मी टेबलावर पाच एचपीची मोटर टेस्टला लावली होती. बुवा तिच्याजवळ वाकले, कान लावला, आणि हसत खालीच बसले. ह्यो बघा तुमचा सा! अठ्ठावीस वर्षं ह्या घुमण्यात बसलाव, गळ्यात लाईट भरली तुमच्या.

अर्थ स्पष्ट आहे. पेटीत एक पट्टी कमी आहे. इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही याचं नवल वाटतं.

११ मार्च, मंगळवार
बुवा म्हणतात, पुरुषाच्या गळ्याला काळी एक बरी. ठीक. काळी एकवर सुरुवात केली. ओळ संपेपर्यंत बुवांचा चेहरा पडला. म्हणाले, निघालाव बीडला आन पोचलाव फटीत.

बुवांची पेटी जुनी आहे. भाता गळतो. सूर तिकडून हलतोय.

मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप घेतलं. आपण बरोबर गायलो की हिरवं, चुकलो की लाल. अर्धा तास लाल. मोबाईलच्या माईकला खर्ज झेपत नाही. ॲप काढून टाकलं. मेमरी मोकळी झाली, हा फायदा.

१६ मार्च, रविवार
राग निवडण्याचा दिवस. पहिला यमन. बुवा म्हणाले, प्रसन्न राग, शुभकार्याला चांगला, फक्त मध्यम तीव्र लागतो. हा तीव्र मध्यम साध्या मध्यमाच्या जरासा वर असतो. वर गेलो की पंचम लागतो, खाली आलो की साधा मध्यम. त्या ठिकाणी माझ्याकडे सप्लायच येत नाही. बुवा वीस वेळा वाजवून दाखवत राहिले. एकविसाव्या वेळी मला लागला असं मला वाटलं. बुवा म्हणाले, चहा घेऊ.

यमन रद्द. फार लोकांनी वापरलेला आहे.

२३ मार्च, रविवार
भैरवीचा प्रयोग. हिच्यात बरेचसे सूर कोमल, म्हणजे गळ्यावर ताण कमी, असा माझा हिशोब. आणि मुलगी निघालीय, डोळ्यांत पाणी यायलाच पाहिजे.

घरात ओट्यावर बसून म्हटली. माझी बहीण, साखराबाई अक्का, नेकनूरहून आली होती. ती तीस वर्षं भजनाला जाते. पहिलं कडवं अर्धं झालं आणि ती उठली. पदर सारखा केला, चप्पल घातली आणि माझ्या बायकोला, वनमालेला, म्हणाली, प्रसाद दे बाई, मला शेवटची जीप गाठायची. मी म्हटलं, अक्का, आत्ता तर सुरू केलंय! ती म्हणाली, मग भैरवी कावून धरली बे? भैरवी झाली की घरी जायचं आस्तंय.

कल्पना करून पाहिली. मंडपात हजार माणूस. सगळे एकदम चपला शोधतायत, तेही जेवणाआधी.

भैरवी रद्द.

२९ मार्च, शनिवार
सापडला! भूप. पाचच सूर. मध्यम आणि निषाद या रागात घेतच नाहीत. म्हणजे ज्या सुरांचा मला त्रास आहे त्यांतला एक तर कनेक्शनमधूनच काढलेला. ज्यानं कुणी हा राग केला तो व्यवहारी माणूस असणार.

शब्दही बसले. आठ कडवी. पहिली ओळ: ‘आली अंजलि मंडपात हसुनी, बाबा उभे गायला.’ वृत्तात अगदी फिट. बुवांनी दोनदा म्हणून पाहिली आणि खरंच खूश झाले.

पाहुण्यांची नावं क्रमानं घातली आहेत. अक्काचं सहाव्या कडव्यात. पण ‘साखराबाई’ हे नाव वृत्तात मावेना, म्हणून ‘आत्या साखर वाटती घरभरी’ असं केलं. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, मी काय किराणा दुकान हाय? पण मग दुसऱ्यांदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही.

४ एप्रिल, शुक्रवार
पट्टीचा प्रश्न अजून तसाच. मी तोडगा काढला. बुवांना म्हटलं, पांढरी पाच आणि काळी चार दोन्ही एकदम दाबा, सरासरी निघेल. बुवांनी दाबल्या. दारातलं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसलं.

शेवटी बुवा म्हणाले, तुमी तुमचं गा. मी तुमच्या मागं येतो, जमंल तसं. हा मी माझा विजय समजतो.

संध्याकाळी दुकानात म्हणून पाहत होतो. वनमाला डबा घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, आधी ती मोटर बंद करा, मग म्हना. मी म्हटलं, मोटर कधीचीच बंद आहे. तिनं मोटरला हात लावून पाहिला. डबा ठेवला आणि गेली.

९ एप्रिल, बुधवार
अंजलीचा फोन. कुठली चाल म्हणताय, विचारत होती. सरप्राइज आहे म्हटलं. मग म्हणाली, बाबा, जुनीच म्हणा ना. मला चाल नकोय, तुम्ही पाहिजे. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस.

ती अजून लहान आहे. तिला कळत नाही की तिला काय पाहिजे.

१३ एप्रिल, रविवार
रियाजाचा हिशोब: ठरलेले तास ४१, झालेले ६. पण सहा तास क्वालिटीचे.

१८ एप्रिल, शुक्रवार
ज्येष्ठमध, हळद-दूध, लवंग. थंड पाणी बंद. बोलणं कमी. दुपारी मंडपवाल्यानं खांब वाकडे रोवले म्हणून पाऊण तास ओरडलो. आवाज बसला. तेवढंच खर्जाला वजन येईल.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ६
आज. मुहूर्त बारा पस्तीसचा. लग्नाच्या लॉनवर जाऊन माईक टेस्ट केला. लाईट आहे, सूर आहे, सगळं आहे. आत्मविश्वास फुल चार्ज.

२१ एप्रिल, सोमवार
लिहावं की नाही, ठरत नव्हतं. पण कुणी वाचणार नाही, तर लिहितो.

मुहूर्त बारा पस्तीसचा. आशीर्वाद द्यायला आलेले पुढारी सव्वा एकपर्यंत बोलले. ऊन असं की अक्षता तळहाताला चिकटल्या. लोक भुकेनं कासावीस. शेवटी माझं नाव पुकारलं. अंतरपाटाच्या अलीकडे अंजली, हिरव्या शालूत. मला बघून हसली. मी माईक धरला आणि लाईट गेली.

काही अडलं नाही. जनरेटर लगेच सुरू झाला. मी सा लावला. फटीतला, पण खणखणीत. पहिलं कडवं छान गेलं. शेवटी ‘सावधान’ म्हटलं, लोकांनी अक्षता टाकल्या. अंजली पहिल्या ओळीला रडली, म्हणजे लागली तिला. इथपर्यंत सगळं प्लॅनप्रमाणे.

मग मंडपवाल्याच्या माणसांनी कूलर चालू करायला सुरुवात केली. एक, दोन, चार, असे सोळा. जनरेटर लहान. प्रत्येक कूलरगणिक तो दबत गेला आणि त्याचं घुमणं खाली खाली येत गेलं. हजार माणसांत हे मला एकट्यालाच कळत होतं. आणि कळत असूनही माझा गळा त्याच्या मागे चालला. मी वर ओढतोय, तो खाली जातोय. बुवा पेटीवर माझा पाठलाग करत होते. पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन. मग त्यांनी दोन्ही हात पेटीवरून काढून मांडीवर ठेवले.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटी मी इतका खाली पोचलो की आवाजच संपला. ‘सावधान’ म्हटलं ते फक्त ओठांनी. दम घ्यायला थांबलो.

तेवढ्यात बँड वाजला.

हजार लोकांनी हातातल्या सगळ्या अक्षता एकदम उधळल्या. मामानं अंतरपाट ओढला. हार पडले. फटाक्यांची माळ लागली. मी माईकमध्ये ‘थांबा, थांबा, अजून सहा आहेत’ असं म्हणत होतो, ते लोकांना आशीर्वाद वाटलं असावं. स्टेजखाली अर्धा मंडप जेवणाच्या रांगेत.

बँडमास्तर धुळाजीला गाठलं. म्हटलं, दुसऱ्याच कडव्याला कावून वाजवलंस? तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, मालक, तीस वर्षं वाजवतोय, कडवी कधी मोजली न्हाईत. चाल खाली उतरून बसली की संपलं समजायचं. तुमी तर पार तळाला जाऊन बसलाव. त्याच्या खाली आजून काय ऱ्हातंय?

गुरुजींना विचारलं, आता? म्हणाले, लागलं लग्न. दोनात काय, एकातही लागतं.

चूक मंडपवाल्याची आहे. सोळा कूलरला तेवढा जनरेटर कुणी आणतं का?

निघताना अंजली गळ्यात पडली. मला बोलायला आवाज नव्हता.

२४ एप्रिल, गुरुवार
कडवी तीन ते आठमध्ये ज्यांची नावं होती ते सगळे रुसले आहेत. वराचे मामा, दोन्ही आत्या, आजोळ, शेजारी. अक्का सर्वांत जास्त. फोन करून म्हणाली, समद्या नेकनूरला सांगून बसले, माझं नाव गाण्यात हाय म्हणून. मी म्हटलं, सहाव्यात होतं, अक्का. ती म्हणाली, पहिल्यात सोताचं घातलंस, बाबा उभे गायला! आता ऱ्हा उभा एकटाच.

फोन ठेवून सहावं कडवं काढून परत वाचलं.

रात्री साडेआठला अंजलीचा फोन. सासरी बरी आहे. म्हणाली, बाबा, दोनच ऐकली मी. राहिलेली सहा रेकॉर्ड करून पाठवा. यांनाही ऐकायचीत. सावकाश पाठवा, घाई नाही.

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि कॅलेंडरात रविवारवर खूण केली.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी १०
दुकान बंद ठेवलं. घरातला पंखाही बंद. दारं लावली. वनमालेला बाहेर ओट्यावर बसवलं, कुणी हाक मारू नये म्हणून. बुवांना बोलावलं नाही, पेटी नको.

फोन समोर ठेवला, बटण दाबलं, तिसरं कडवं उघडलं. आणि माझी चालच आठवेना. तीन आठवडे बसवलेली चाल. भूपाचे पाचही सूर गायब. तोंड उघडलं तर जुनीच बाहेर आली, लग्नालग्नातली, अंजलीनं पहिल्या दिवशी मागितलेली. थांबलो. मग म्हटलं, जाऊ दे. तिला हीच पाहिजे होती.

सहाही कडवी त्याच चालीत म्हटली. कुठलीही करामत नाही, हरकती-मुरक्या नाहीत. अक्काचं कडवं दोनदा. मग डोळे मिटून सबंध ऐकलं. एका जागीही हललेलं नाही, सरळ, साधी, सगळ्यांना येते ती चाल. माझे कान आहेत, मला कळतं. एकूण हिशोब करता, आयुष्यात पहिल्यांदा हट्ट सोडून गायलो असं वाटलं. पाठवून दिलं.

११.१५
अंजलीचा मेसेज आला. ‘बाबा, दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा रडले. तुमची ही नवी चाल भारीच आहे. हे पण म्हणाले, अशी चाल कुठल्याच लग्नात ऐकली नाही.’

पुन्हा एकदा वाचला.

‘थँक यू बाळा’ असं लिहून पाठवलं.