फुलीचं घर

कारेगाव, ता. शिरूर
जानेवारी २००७

प्रिय शहजादी,

तुझं पत्र परवा मिळालं. तुझी ओळ अजून सरळ सुरू होते आणि मधेच उताराला लागते. शाळेत बाई तुला यावरून रागवायच्या आणि मी मागच्या बाकावर तोंडावर वही धरून हसायचे, आठवतं? रविवारच्या पोलिओ डोसाला तू इकडे येणार म्हणतेस. इथल्या बायांसमोर उभी राहून सांगणार म्हणतेस की, मी डोसाच्या दिवशी माहेरी गेले, म्हणून माझ्या आसमीनचा पाय गेला, तुम्ही असं करू नका. हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. फोनवर 'ये' म्हणायचं होतं, पण बूथपर्यंत जाऊन परत आले.

आधी इथलं सांगते. एका ओळीत बारा पत्र्याच्या खोल्या आणि प्रत्येकीत दोन पाळ्यांची माणसं. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच अंथरुणावर झोपतात. बिहारची, ओडिशाची कुटुंबं खूप आहेत. बायाही पॅकिंगच्या कामाला जातात आणि पोर शेजारणीकडे असतं, नाहीतर बरोबर नेलेलं असतं. त्यामुळे आम्ही जावं तर दाराला कुलूप. ज्या घरच्या पोरांना डोस मिळाला, त्याच्या दाराशेजारी खडूनं 'पी' लिहायचा. जिथं मूल सापडलं नाही, तिथं फुली मारायची आणि ते मूल सापडेपर्यंत फुलीच्या घरी परत परत जायचं, अशी आमची पद्धत. मोनाली, माझी नर्स, मला म्हणते, "म्याडम, तुमी जीपमधी बसा की, आमी हाय ना." मी बसत नाही. कारेगावातल्या एकूण एक फुलीच्या घरी मी स्वतः जाते. मागच्या खेपेला एका बाईनं मला नर्सच समजून, "दीदी, बुखार की गोली भी दे दो," म्हणून दारातच थांबवलं. तिला बरं वाटेपर्यंत दोनदा जाऊन आले.

आबांना अजून वाटतं, मी खुळी झाले. पोस्टमनकीतून रिटायर झालेल्या माणसाची लेक नगरसेवक झाली, याचं त्यांना कोण कौतुक. शहाण्णव साली आपला वॉर्ड राखीव झाला, माझ्या नव्या दवाखान्यात पेशंटऐवजी माश्याच जास्त होत्या, आणि आबांनी मला न विचारता फॉर्म आणला. एक्केचाळीस मतांनी आले. त्यातली निम्मी तू घरोघरी चहा पिऊन मिळवलीस. मग आरोग्य समितीची सभापती झाले. गटारं उपसून घेतली, नळाला तोट्या बसवल्या, म्हातारी माणसंसुद्धा 'ताई' म्हणायला लागली. माझ्या डोक्यात हवा गेली होती, तुझ्यापाशी काय लपवायचं. पुढच्या निवडणुकीला मी उभी राहिले नाही आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीत शिरले, तेव्हा आबा चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. खुर्ची टाकून सुई धरली, असं लोक म्हणाले. तू मात्र सगळ्यांना सांगत सुटलीस की गौतमीनं माझ्या लेकीसाठी पुढारीपण सोडलं. कासुर्डीला तुझ्या भावाच्या लग्नात तू हेच सांगितलंस, माझा हात धरून, पंगतीत. त्या दिवशी मी बिर्याणीचं ताट तसंच बाजूला सारलं आणि तू समजलीस की तिखट झालं.

नव्व्याण्णवचा डिसेंबर आठव. रविवारी डोस होता आणि मंगळवारी स्वच्छतेच्या स्पर्धेची तपासणी. सोमवारी सकाळी मी माणसं लावून आळीच्या भिंतींना चुना आणि खाली गेरूचा पट्टा मारायला घेतला. एकही रेघोटी दिसता कामा नये, असा माझा हुकूम होता. डोसाच्या कामावर पलीकडच्या वॉर्डातल्या साखरबाई होत्या. त्या धावत आल्या. "ताई, फुल्या तेवढ्या ऱ्हाऊ द्या. न्हाईतर परत कुटं जायाचं, ते कसं कळायचं?" मी म्हटलं, तुमच्याकडं यादी आहे ना, मग झालं तर. यादीत नुसते घरनंबर होते आणि नंबरही चुन्याखाली गेले. बुधवारी साखरबाईंनी विचारत विचारत फुलीच्या बारापैकी अकरा घरं शोधली. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "एक घर घावंना." मी सत्काराच्या गडबडीत होते, आमचा दुसरा नंबर आला होता. झालं असेल हो, म्हणाले मी. मी डॉक्टर होते, शहजादी. फुलीचा अर्थ मला पक्का ठाऊक होता.

ते बारावं घर तुझं. तू सोमवारी संध्याकाळीच पोरीला घेऊन परत आली होतीस, हे मला नंतर तूच रडत रडत सांगितलंस. तीन महिन्यांनी आसमीनला ताप आला आणि तिचा उजवा पाय लुळा पडला. तुझी सासू दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाली, "पोलिओच्या दिशीच माहेर आठवलं व्हय गं?" मी तिथंच उभी होते, तुझ्या पाठीवर हात ठेवून, आणि गप्प राहिले. एका डोसानं पाय नक्की वाचला असता असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, हे खरं आहे. सात वर्षं मी याच वाक्याचं पांघरूण घेतलं. आता तू तेच दुखणं घेऊन परक्या बायांपुढं उभी राहणार, आणि मी शेजारी खुर्चीवर बसून ऐकणार, हे मला जमणार नाही. म्हणून हे पत्र. रविवारी तुझ्याआधी मी बोलणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. लोकांच्या आधी तुला कळायला हवं होतं, ते सात वर्षं उशिरा कळवते आहे. आसमीनला तू सांग, नाहीतर मी येऊन सांगते, तिला काय विचारायचं ते विचारू दे. माफ कर असं म्हणत नाही, तो तुझा हक्क आहे. पण एवढं ऐक, माहेरी जाणं ही चूक नव्हती. तू परत येऊन दारात डोसवाल्यांची वाट बघत होतीस. तुझ्या दाराशी फुली होती आणि ती मी पुसली.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
गौतमी