नव्या टायरांतील हवेविषयी

अल मनखूल, दुबई

तीर्थरूप सूर्यकांतदादांस,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुमच्या उजव्या गुडघ्याने जिना मान्य केला की नाही, आणि वहिनींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का, हे दोन्ही सवडीने कळवावे. आम्ही येथे सर्व सुखरूप आहोत. 'सुखरूप' हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे, कारण अर्चनाने परवा फोनवर जे सांगितले त्यावरून तुमची समजूत वेगळी झाली असण्याचा संभव आहे. (ती बोलत होती तेव्हा मी शेजारच्या खोलीतच होते. सूनबाई हसत हसत सांगत होत्या, आणि हसत सांगितलेल्या हकिगतीत पहिला बळी कार्यकारणभावाचा जातो.) म्हणून घडले ते क्रमाने लिहिते. पुढच्या शनिवारी ही मंडळी जबल जैसच्या डोंगरावर मुक्कामाला जाणार आहेत, आणि मी त्यांच्यासोबत जावे की जाऊ नये असा प्रश्न या घरात सध्या उभा आहे. सर्व वाचून तुम्ही तुमचे मत बनवावे. माझे बनलेले आहे: जाऊ नये.

प्रथम मूळ कारण. संजयने पिकअप घेतला. हे वाक्य लिहून मी एकदा वाचून पाहिले आणि मला पुन्हा तसाच धक्का बसला. रोज तासाहून अधिक वेळ गाडी हाकत रास अल खैमाला जाऊन, तेथे थंड खोलीत बसून फरशांचा दर्जा तपासणाऱ्या माणसाला मालवाहू वाहनाची गरज काय? मिरजेत पिकअप कशासाठी घेतात हे आपण जाणतोच: द्राक्षाच्या पेट्या, सिमेंटची पोती, फार तर मांडवाचे सामान. येथे सुशिक्षित माणसे त्यात चार घडीच्या खुर्च्या, एक बर्फाची पेटी आणि कोळशाची शेगडी घालून वाळवंटात जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्च्या, तीच पेटी आणि तीच शेगडी घरी घेऊन येतात. माल जेथून निघाला तेथेच परत येत असेल तर त्याला वाहतूक म्हणावे का, असे मी संजयला विचारले. तो म्हणाला, "आई, याला वीकेंड म्हणतात."

पिकअप जुना होता, त्यामुळे वार्षिक तपासणीला नेताच त्याचे टायर नापास झाले. का, तर वय झाले म्हणून. मी स्वतः खाली जाऊन पाहिले. नक्षी शाबूत, कोठे चीर नाही, फुगवटा नाही. पण येथे प्रत्येक टायरच्या अंगावर तो जन्मला तो आठवडा आणि ते वर्ष कोरलेले असते, आणि ठरावीक वर्षे झाली की तो कितीही धडधाकट असला तरी रस्त्यावरून उठवतात. मला हे ऐकून इतका धक्का बसला की त्या दिवशी मी दुपारचा चहा घेतला नाही. (अर्चना म्हणाली, "आई, नियम टायरांना आहे." हे सांगण्याची आवश्यकता तिला का वाटली, ते मी विचारले नाही.)

आता नवे टायर कोणते घ्यावेत, यावर घरात जो गोंधळ सुरू झाला तो पाहून मी जेवणाच्या टेबलावर रीतसर वादसभा भरवली. छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या बाईच्या घरात खरेदीचा निर्णय आरडाओरडीने व्हावा, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. प्रत्येकाने आधी पक्ष मांडावा, मग हेतू सांगावा, असे ठरले. अर्चनाचा पक्ष असा की टायर गुळगुळीत आणि आवाज न करणारे असावेत. हेतू, तिला गाडीत झोप लागते. आमचे चिरंजीव नातू कैवल्य, वय एकवीस, यांचा पक्ष चिखलात चालणाऱ्या जाड गाठींच्या टायरांचा, हेतू, "आजी, दे लुक सिक." (चांगले दिसतात असा त्याचा अर्थ असल्याचे नंतर कळले. आजारी वस्तू विकत घ्यावी असे कोणी का म्हणेल, या विचारात मी बराच वेळ होते.) संजय म्हणाला, "मला ऑल-टेरेन हवेत. हिवाळ्यात तेच लागतात."

मी तेथेच त्याला थांबवले. दुबईतील हिवाळ्याची व्याख्या केल्याखेरीज पुढे जाता येणार नाही, असे म्हटले. अर्चना म्हणाली, एसी बंद असतो तो हिवाळा. या व्याख्येत अव्याप्ती आहे, कारण मॉलमधला एसी जानेवारीतही बंद होत नाही आणि मॉलच्या आत हिवाळा नाही असे म्हणावे लागेल. कैवल्यने फोनवर कॅनडातील एका गृहस्थाची चित्रफीत दाखवली. तो कमरेएवढ्या बर्फातून पिकअप हाकत होता. याचा आपल्याशी संबंध काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सँड इज बेसिकली स्नो, आजी." दृष्टान्त सदोष आहे, वाळू वितळत नाही, असे मी दाखवून दिले, तेव्हा तो कानात बोंडे घालून आपल्या खोलीत गेला. यास मी पराभवाची कबुली समजते.

अखेर सिद्धान्त मीच मांडला. या वाहनाला आठवडाभर रास अल खैमाचा डांबरी रस्ता, शनिवारी वाळू, आणि डोंगराकडे पाऊस झाला तर वाहून आलेल्या दगडगोट्यांची वाट, अशा तिन्ही ठिकाणी चालायचे आहे. गुळगुळीत टायर दगडांवर फाटेल. चिखलाचा टायर वाळूत वर चढण्याऐवजी खड्डा खणील. म्हणून दोहोंच्या मधला, जाड कडेचा, सर्व भूमींवर चालणारा टायरच घ्यावा. (जे सर्वांसाठी असते ते नेमके कोणासाठी, ही माझी शंका कायम आहे, पण ती मी राखून ठेवली.) संजय म्हणाला, "आई, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो." तो निष्कर्ष म्हणत होता, दादा. हेतू त्याच्यापाशी नव्हता. दुकानातही मीच बोलले. विक्रेता माझ्या प्रत्येक विधानाला "बिल्कुल, मॅडम" म्हणत होता आणि कैवल्यच्या नेमक्या उलट विधानालाही "बिल्कुल, सर", तेव्हा त्याचे मत मी विचारात घेतले नाही. अशा रीतीने ते टायर आले, आणि घरात त्यांना 'आईंचे टायर' असेच म्हणू लागले. माझी त्यास हरकत नव्हती.

आता तो शनिवार. संजयच्या कारखान्यातील सुमैय्या नावाची इंजिनिअर बाई, मूळची हैदराबादची, पाच गाड्यांचा तांडा घेऊन पुढे होती. मला मानाने पुढच्या आसनावर बसवले होते. हत्ताच्या रस्त्यावर, जेथे डांबर संपून तांबडी वाळू सुरू होते, तेथे सर्व गाड्या थांबल्या, आणि मग जे माझ्या दृष्टीस पडले त्याने मी हादरून गेले. पाचही गाड्यांतून चांगली शिकलीसवरलेली माणसे उतरली, आपापल्या चाकांपाशी उकिडवी बसली आणि टायरांतील हवा सोडू लागली. सगळीकडे नुसते फुसफुस. माझा स्वतःचा मुलगा, मी पुराव्याने निवडलेल्या, एक आठवडाही न चाललेल्या टायरांतील हवा काढत होता. "संजय, हे काय?" असे मी काच खाली करून विचारले. तो म्हणाला, "आई, आल्यावर सांगतो, करक आणतो आधी," आणि मागे झोपलेला कैवल्य सोडून सर्व मंडळी रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा आणण्यास गेली.

दादा, अशा वेळी विवेकी माणसाने काय करावे? टायर ही हवा धरून ठेवण्यासाठी केलेली वस्तू आहे. हवा काढलेला टायर हा टायर म्हणून आपले प्रयोजनच गमावतो. शिवाय माझ्यासमोर शब्दप्रमाण होते: चालकाच्या दाराच्या चौकटीवर कारखान्याने स्वतः चिकटवलेली पट्टी, तीवर हवा किती असावी याचा स्पष्ट आकडा. एका बाजूला वाहन बनवणारा, दुसऱ्या बाजूला चहाला गेलेले पाच ड्रायव्हर. मी मागे वळून कैवल्यला विचारले, हवा भरून घेऊ का. त्याने डोळे न उघडता "व्हॉटएव्हर, आजी" म्हटले, ही संमती होय. शेजारीच टायरचे दुकान होते. तेथील माणूस फोनवर कोणाशी तरी भांडत होता. भांडण न थांबवता तो नळी घेऊन आला आणि पट्टीवरील आकड्याप्रमाणे चारही टायर भरून गेला. मंडळी परतली तेव्हा मी समाधानाने बसले होते. संजयने चहा माझ्या हातात दिला आणि गाडी सुरू केली.

पहिल्याच चढावर आम्ही रुतलो. रुतलो म्हणजे वाहन अर्धे खाली गेले. संजयने जितका जोर लावला तितके ते अधिक खोल जात राहिले. चारही जण खाली उतरलो, फावडे निघाले, मला वाळूतच घडीची खुर्ची टाकून बसवले. सुमैय्या परत आली, तिने मोजण्याचे यंत्र चाकाला लावले आणि यंत्राकडे पाहतच राहिली.

"संजयभाई, ये तो रोड का प्रेशर है. आपने हवा निकाली थी ना?"

"मेरे हाथ से निकाली," संजय म्हणाला, आणि टायरकडे अशा नजरेने पाहू लागला की जणू त्याने आपण होऊन श्वास घेतला आहे.

"तो भरी किसने?"

प्रश्न सरळ होता, म्हणून मी सरळ उत्तर दिले. "मैंने भरवाई."

"क्यूँ, आंटी?"

"क्यूँकि तुम सबने मिलके निकाली थी."

यावर सुमैय्या तेथेच वाळूत बसली. तिनेच मग सांगितले की हवा कमी केली म्हणजे टायर खाली पसरतो आणि वाळूवर तरंगतो. हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. न सांगितलेल्या गोष्टीवरून निष्कर्ष काढता येत नाही. अर्चना हसली नाही. ती फावडे मारता मारता एवढेच म्हणाली, "पुढच्या वेळी आईंनी घरी आराम केलेला बरा."

पट्टा लावून आम्हाला ओढून काढले. हवा पुन्हा सोडली. मग संजयने तोच चढ पुन्हा घेतला, आणि त्याविषयी मी तीव्र नापसंती नोंदवते. वाहनाचे नाक आकाशाकडे जाते, समोर रस्ता, वाळू, क्षितिज काहीच दिसत नाही, फक्त निळे. नंतर ते माथ्यावर क्षणभर अधांतरी उभे राहते, आणि मग सगळे वाळवंट पायाखाली एकदम उघडते. अत्यंत अविवेकी प्रकार. मी डोळे पूर्ण वेळ उघडे ठेवले, पण ते निरीक्षणासाठी. एका निरीक्षणावरून नियम बांधता येत नाही म्हणून मी संजयला आणखी दोनदा तोच चढ घेण्यास सांगितले. तिसऱ्या वेळी कैवल्य म्हणाला, "आजी, यू आर स्क्रीमिंग." मी सूचना देत होते.

असो. तेव्हा माझे जाणे योग्य नाही, हे तुम्हालाही पटले असेल. वहिनींना नमस्कार. हे पत्र खालच्या मजल्यावरील मैथिलीबरोबर पाठवत आहे. ती उद्या मिरजेला माहेरी निघते.

तुमची,
प्रमिला

ता. क. — हे लिहून होते न होते तोच संजय कामावरून आला आणि दारातच म्हणाला, "आई, शनिवारी चलतेस ना? अर्चनानेच विचारायला सांगितलंय." मला अपेक्षा नव्हती. सवयीने मी न जाण्याची तीन कारणे त्याच्यापुढे मांडली: वय, डोंगरावरची थंडी, आणि माझ्यामुळे इतरांना होणारा उपद्रव. दादा, हा मुलगा भाजी कोणती करावी यावरही माझ्याशी तासभर वाद घालतो. तो सगळे ऐकून "बरं, पटलं" म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. मी अजून त्या धक्क्यातून सावरलेले नाही.

ता. क. २ — मामाचा शब्द संजय मोडत नाही. तरी पत्र मिळताच त्याला फोन करावा आणि माझा युक्तिवाद खोडून काढावा. दुसऱ्या कारणात दम नाही, थंडीला शाल पुरते. तेथेच धरावे, म्हणजे बाकीची दोन्ही टिकत नाहीत. मी फोनवर येऊन कडाडून विरोध करीन. तुम्ही हटू नये. आणि पुढचे आसन मिळेल असे पाहावे.