अर्थिंगचा दोष

२ फेब्रुवारी
नवीन वही. नियम: रोज लिहायचं. फक्त संगीताबद्दल लिहायचं. रडगाणं गायचं नाही.
या महिन्यात बँडमध्ये बेस गिटार वाजवायला लागून एकवीस वर्षं होतात. कुणाच्या लक्षात नाही. बेसवाल्याचं असंच असतं. लोक झुंबराकडे बघतात, पायाकडे कोण बघतं? पण माझा पाया एकवीस वर्षांत कधी हललेला नाही, याची इथे नोंद असावी.

५ फेब्रुवारी
(रोज म्हणजे साधारण रोज.)
अ‍ॅम्पमध्ये हम येतोय. बारीक, सलग, घूंऽऽऽ. केबल बदलली. तसाच.

६ फेब्रुवारी, सकाळी
आणखी एक केबल आणली. जाड, कापडी विणीची. हम तसाच. बेस उघडून आतल्या वायरींना नव्याने डाग दिले. बोट भाजलं. हम तसाच. बायकोला ऐकायला बोलावलं. म्हणाली, मला तर काहीच ऐकू येत नाही. तिला संगीताचा कान नाही.

संध्याकाळी
अ‍ॅम्प बंद केला. तरी हम. प्लग काढला. तरी हम! म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष आहे. दोष घराच्या अर्थिंगचा.

८ फेब्रुवारी
इलेक्ट्रिशियन आला. सगळे बोर्ड खोलून मीटर लावला. अर्थिंग एकदम फर्स्टक्लास म्हणाला. मी म्हटलं, मग हा आवाज कसला? तो म्हणाला, कुठला आवाज? शेवटी त्याने मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रिज थांबला. मी म्हटलं, ऐका, अजून येतोय. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि हत्यारं गोळा करायला लागला.
हल्ली कामाची माणसं राहिलीच नाहीत.

११ फेब्रुवारी
कारखान्याच्या कँटीनमध्ये निरोपसमारंभ. भर दुपारी, जेवणाच्या टेबलांसमोर वाजवलं. आम्ही चौघंच: बाई गातात आणि बँडही त्याच चालवतात. उजवीकडे कीबोर्डवर मास्तर. माझ्या डाव्या हाताला ड्रम्सवर ठोक्या. ठोक्या आणि मी कॉलेजपासूनचे. बँडची व्हॅन त्याची, चालवतोही तोच, आणि माझा अ‍ॅम्पही बहुतेक वेळा तोच उचलतो, कारण माझी पाठ.
पण लिहायला वाईट वाटतं. ठोक्या हल्ली पायाच्या मोठ्या ढोलावर किक मारतच नाही. पाय हलताना दिसतो, आवाज येत नाही. दमलाय बिचारा.

१२ फेब्रुवारी
ऑफिसात दिवसभर तक्रारखिडकीवर. पाणीपुरवठ्याच्या तक्रारी म्हणजे रोजची कटकट, त्यात लोक हल्ली पुटपुटतात. एक बाई म्हणाली, नळ जळतोय. नळ कसा जळेल? पण नागरिकाशी वाद घालायचा नाही हे माझं धोरण. लिहून घेतलं. दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, नळ *जळतो* म्हणजे काय हो? म्हटलं, साहेब, त्यांचा नळ, त्यांनाच ठाऊक.

१६ फेब्रुवारी
ट्यूनर गेला. हिरवा दिवा लागतो, म्हणजे म्हणे सूर जुळला. मला साफ उतरलेला ऐकू येतो. एकवीस वर्षांचा कान मोठा की बॅटरीवर चालणारी डबी? कानानेच तारा लावल्या आणि हॉटेलच्या लॉबीत तसंच वाजवलं. मास्तरने तीनदा मान वळवून पाहिलं. तिसऱ्या गाण्यात बाई गाणं अर्धवट सोडून पाहुण्यांशी गप्पाच मारायला लागल्या.
मास्तरचा कीबोर्ड बेसूर झाला असावा. कीबोर्ड बेसूर होत नाही म्हणतात. म्हणोत.

२० फेब्रुवारी
नवा स्पीकर आला. कपाटाएवढा. आता ठोक्याच्या किकची उणीव मी एकटा भरून काढीन. दारातून आत जात नाही, हे पार्सल आल्यावर कळलं. सध्या जिन्यात आहे. वरच्या मजल्यावरच्या आजी चढताना त्याला टेकून दम घेतात. बायको आजींशी बोलते, माझ्याशी नाही.

२४ फेब्रुवारी
गिगहून परत येताना व्हॅनमध्ये मी पुढे, ठोक्याच्या शेजारी. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "एकदा कान दाखवून घे ना रे. मी येतो बरोबर."
मी खिडकीबाहेर पाहिलं.
म्हणाला, "वहिनींनाही वाटतंय तसं. तू टीव्ही किती मोठा लावतोस, माहितीय?"
म्हणजे माझ्या माघारी चर्चा चालतात! स्वतःचा पाय उठत नाही आणि खोट काढायची दुसऱ्याच्या कानांत. नाचता येईना अंगण वाकडं, हे कुणीतरी त्याला सांगायला हवं.

२६ फेब्रुवारी
बाईंना भेटलो. बँडच्या हितासाठी. म्हटलं, ठोक्याचा ताल जातोय, तो मागे पडतो, मी कसाबसा सांभाळून घेतोय. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, खाली ताल-बेसमध्ये काहीतरी बिनसलंय हे मलाही कळत होतं, पण नक्की कुणाचं ते कळत नव्हतं. तू इतकी वर्षं त्याच्या शेजारी उभा आहेस, तुला कळणारच.
मी म्हटलं, सांगताना फार जड जातंय. खरंच जात होतं.
मी बाईंचे कान भरले असं कुणी म्हणू नये. मत विचारलं, दिलं. (विचारलं नव्हतं.)

३ मार्च
बाईंनी ठोक्याला थांबवलं. यापुढे ताल मशीनवर, मास्तरच्या कीबोर्डमधून. रिहर्सलच्या खोलीतून तो ड्रम्स न्यायला आला. एकेक ढोल कव्हरमध्ये घालून, चेन लावून, तीन मजले उतरवत होता. एकटाच. मी मदत केली असती, पण पाठ. शेवटच्या खेपेला दारात थांबला आणि म्हणाला, "बाईंना असं अचानक का वाटलं असेल रे?"
म्हटलं, काय माहीत.
म्हणाला, "तुला काही जाणवलं असतं तर तू आधी मलाच सांगितलं असतंस." आणि गेला.
मास्तर म्हणाला, गेल्या वर्षी त्याची बायको गेल्यापासून ठोक्याला हे एवढंच होतं. मास्तरला नाटकी बोलायची सवय आहे. ठोक्या घरी प्रॅक्टिस करेल. त्याच्या भल्याचंच झालं.

८ मार्च
एका कंपनीचा वार्षिक दिवस, सकाळी अकराला. मशीन चुकत नाही, म्हणून आज खूप आशा होत्या. पण मशीनही मागे-पुढे होतंय. चौथ्या गाण्यात स्टेज डावीकडे कललं. एकदम, होडीसारखं. मी आधाराला बाईंचा माइक धरला आणि माइकसकट पहिल्या रांगेत, कुणा मॅनेजरच्या मांडीवर. सुताराने स्टेज नीट ठोकलं नव्हतं. वर आणताना पाहिलं तर मास्तर, बाई, सगळे सरळ उभे होते. त्यांना सवय असेल.
नंतर साउंडवाल्याने मला मागच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, हेडफोन दिले आणि आजचं रेकॉर्डिंग लावलं. मी म्हटलं, तुझ्या हेडफोनची डावी बाजू बंद आहे. त्याने माझ्या डोक्यावरचे हेडफोन काढले, उलटे फिरवले आणि पुन्हा घातले.
आता दुसरी बाजू बंद.
म्हटलं, दोन्ही बाजू खराब आहेत, टाकून दे. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि मी लहान मूल असल्यासारखा हळू आवाजात म्हणाला, "दादा, हेडफोन चांगले आहेत."
मग उजव्या कानाने सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. मशीन घड्याळासारखं चालत होतं. बेस अर्धा सूर खाली, आणि प्रत्येक ठोक्याच्या मागे. म्हातारा माणूस जिना चढतो तसा.

१० मार्च
कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवून, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. उजव्या कानाला बटण दाबलं. डाव्याची वाट बघत बसलो. कधी सुरू होणार, म्हणून काचेतून खूण केली, तर चाचणी संपली होती.
आतल्या कानाचा आजार. खालच्या पट्टीतले आवाज आधी जातात. सूर वेगळा ऐकू येतो, चक्कर येते, आणि कान स्वतःच घूं करत राहतो. बरेच महिने चालू असावं म्हणाले. गोळ्यांनी चक्कर थांबेल, गेलेलं येईलच असं नाही.
मी विचारलं, आहे त्याहून मोठा अ‍ॅम्प घेतला तर? डॉक्टर बायकोकडे बघायला लागले.
रिक्षात बायकोने हात धरला होता. उजव्या बाजूला बसली होती.

११ मार्च
बाईंचा फोन. आराम कर, बरा हो, मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय ते मला कळतं, मी बहिरा एकाच कानाने आहे. ठोक्याविषयी त्यांनी विचारलं नाही. मीही काही बोललो नाही.
निश्चय: उद्या सकाळी ठोक्याकडे जायचं. सगळं सांगायचं. माफी मागायची. मग बाईंना सांगून त्याला परत आणायचं. एका दिवसाचं काम.

१२ मार्च
चक्कर. गेलो नाही.

१३ मार्च
चक्कर नव्हती, पण आली असती.

१५ मार्च
समोरासमोर बोलण्यापेक्षा पत्र बरं. चार पानं झाली. त्यातली तीन आजाराबद्दल. फाडलं. पुन्हा लिहीन, मुद्द्याचं, एक पान.

१७ मार्च, रविवार, सकाळी
ठोक्याच आला! न कळवता. संत्री घेऊन. मला रडूच फुटायचं बाकी होतं. बायको आत चहाला गेली, तो सोफ्यावर माझ्या शेजारी बसला. डावीकडे, जुन्या सवयीने. खाली जमिनीकडे बघत बराच वेळ बोलला. तसा तो पुटपुट्याच. मी मधेमधे मान डोलावत राहिलो. माणसाला मन मोकळं करू द्यावं. मग माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. तब्येतीचंच असणार. मी हसून म्हटलं, हो हो, अगदी. त्याने आणखी काही विचारलं. म्हटलं, शंभर टक्के.
थोडा वेळ बसला, कप ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.
माफी मागायची गरजच पडली नाही. खरी मैत्री अशी असते. फार दिवसांनी हलकं वाटतंय.

त्याच दिवशी, दुपारी
बायकोने जेवताना ताट तसंच ठेवलं. खोदून विचारलं तेव्हा समोर येऊन बसली आणि सांगितलं. चहा आणताना तिने सगळं ऐकलं होतं.
ठोक्या म्हणत होता, मास्तरकडून तुझ्या कानाचं कळलं, मला झोप लागली नाही. मास्तर असंही म्हणाला की बाईंना माझ्याविरुद्ध तूच सांगितलंस. मी त्याला म्हटलं, शक्य नाही. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. मग त्याने विचारलं होतं, "माझा ताल जातो असं तूच सांगितलंस का?"
हो हो, अगदी.
दुसरा प्रश्न होता, "आणि तुला खरंच तसं वाटत होतं?"
बायकोने विचारलं, तू हसत का होतास?

संध्याकाळी
ठोक्याला फोन केला. दुसऱ्याच रिंगला उचलला. "हॅलो" म्हणाला. फोन उजव्या कानाला होता, अगदी स्वच्छ ऐकू आलं. पुन्हा म्हणाला, "हॅलो? बोल ना."
फोन मीच ठेवला.