मिठीतून न सुटलेल्या अवशेषांचा ताबा मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
अवशेष ओळख व विल्हेवाट कक्ष,
शवागाराच्या वरचा मजला,
शासकीय रुग्णालय.

विषय: माझ्या पतीचे अवशेष हल्लेखोराच्या नावावरून कमी करून माझ्या ताब्यात देण्याबाबत, ते जमत नसल्यास परिच्छेद ७ मधील विनंती मान्य करण्याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज, ज्यांना उत्तर नाही.
२) आपले पत्र, ज्यात मला ‘हल्लेखोराचे नातेवाईक’ असे संबोधले आहे.
३) आपल्या लिपिकांनी दिलेली तोंडी उत्तरे, जी लेखी मागितली की त्यांना आठवत नाहीत.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, न्यायालयाच्या मुख्य फाटकावर मारल्या गेलेल्या सुरक्षारक्षकाची पत्नी. शिवणकाम करते. हा अर्ज मी माझ्या हाताने लिहीत आहे. मागचे अर्ज बाहेर बसणाऱ्या अर्जलेखकाने फार गोड भाषेत लिहिले होते आणि गोड भाषेचा आपल्या कक्षावर काही परिणाम होत नाही, असे दिसून आले आहे.

२. प्रकरण आपल्याला ठाऊक आहे. तरी दर खेपेला नवाच माणूस फाइल उघडतो आणि “काय झालं होतं बाई?” असे विचारतो, म्हणून पुन्हा सांगते. त्या दिवशी एक तरुण अंगावर स्फोटके बांधून फाटकाशी आला. भर उन्हात कोटाची सगळी बटणे लावलेली पाहून माझ्या पतींनी त्याला हटकले. तो आत धावू लागला, तेव्हा त्यांनी त्याला मागून मिठी घातली आणि तसेच ओढत पहाऱ्याच्या खोलीच्या भिंतीआड नेले. स्फोट तिथे झाला. गेले ते दोघेच. आत जमिनीच्या तंट्यासाठी आलेले भाऊ-भाऊ सुखरूप घरी गेले आणि आजही भांडत असतील. माझे त्याला काही म्हणणे नाही, माणसे जगली हे चांगलेच झाले.

३. जेवढे नक्की पतींचेच ठरले, तेवढ्याची एक लहान पेटी आपल्या कक्षाने मला देऊ केली. बाकी जे काही मिळाले ते एका मोठ्या पाकिटात आहे आणि त्यात दोघेही आहेत. सर्व चाचण्या करून झाल्या. आपल्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवून, पाणी देऊन सांगितले, “ताई, वेगळं करता येत नाहीये. त्यांनी त्याला शेवटपर्यंत सोडलंच नाही.” आपल्याकडे मला मिळालेले हे एकमेव सरळ उत्तर होय. त्यानंतर मी घरी जाऊन पोटभर रडले, हेही नोंदीसाठी लिहून ठेवते.

४. खरी अडचण पुढे आहे. आपल्या नियमाप्रमाणे ज्या पाकिटात हल्लेखोराचा अंश आहे, ते पूर्ण पाकीट हल्लेखोराच्या नावावर चढते. हल्लेखोराचे अवशेष घरच्यांना द्यायचे नाहीत, सरकारी हातांनी अज्ञात जागी पुरायचे, वर खूण ठेवायची नाही, म्हणजे पुढे तिथे कोणी फुले वाहायला जमणार नाही. नियम योग्य आहे. मीच केला असता तर याहून कडक केला असता. परंतु त्या नियमाने माझ्या नवऱ्यालाही बेवारशासारखे पुरले जाणार आहे. मी हे आपल्या लिपिकांपुढे मांडले, तेव्हा ते म्हणाले, “बाई, दुधात विष पडलं तर त्याला आपण दूध म्हणतो का?” मी त्यांना म्हटले की भाऊसाहेब, ते विष तुमच्या दुधात पडू नये म्हणूनच तो माणूस मेला. त्यावर त्यांनी जेवणाची सुट्टी झाल्याचे सांगून खिडकी लावून घेतली.

५. या नोंदीमुळे आमचे घर आता हल्लेखोराच्या नातेवाइकांत मोडते. आपण मला हमीपत्र पाठवले आहे की मी मृताला हुतात्मा म्हणणार नाही, त्याच्या नावाने माणसे जमवणार नाही. याच आवारातील समारंभ शाखेने मला दुसरे पत्र पाठवले आहे. न्यायालयाच्या फाटकाला पतींचे नाव देण्याचा कार्यक्रम आहे, मी हुतात्म्याची पत्नी म्हणून चार शब्द बोलावे आणि जास्तीत जास्त नातेवाईक आणावेत. दोन्ही पत्रांवर सही आपलीच आहे. मी कोणते पत्र पाळल्यावर गुन्हेगार ठरत नाही, ते कृपया कळवावे. माझ्या सासूबाईंना तर हा प्रकार समजावणेच माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. त्या अर्ध्या लेकाला मूठमाती द्यायला तयार नाहीत. “मी अख्खा जन्माला घातलाय, अख्खाच पोचवीन,” असे त्यांचे म्हणणे आहे. त्यामुळे ती लहान पेटीही आपल्या शवागारातच पडून आहे आणि ती वेळेत न नेल्याबद्दल आपण मला स्मरणपत्र पाठवता.

६. आपल्या कक्षाबाहेर एकच बाकडे आहे. त्यावर मी जाईन तेव्हा एक बाई बसलेली असे. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली, कोणाशी बोलणे नाही. मला वाटे, दुसऱ्या कुठल्या प्रकरणाची असेल. मागल्या खेपेला खिडकीतून पुकारा झाला, “हल्लेखोराचे नातेवाईक!” आणि आम्ही दोघी एकदम उठलो.

ती त्याची आई. महोदय, मी देवमाणूस नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या मुलाला मी रोज शिव्याशाप देते आणि देत राहीन. ती मात्र लगेच खाली बसली आणि म्हणाली, “तुम्ही जा आधी. माझं काही घाईचं नाही.” मग माझे बोलणे ऐकून तीही खिडकीशी आली आणि लिपिकांना म्हणाली, “माझा मुलगा त्यात नाहीच असं धरा. सगळं यांच्या मालकांच्या नावावर लिहा. मी अंगठा देते.” लिपिक म्हणाले की हल्लेखोराच्या अवशेषांवर आईचा हक्कच नाही, सबब, नसलेला हक्क सोडताही येत नाही. बाई पुन्हा बाकड्यावर जाऊन बसली. मी तिच्याशी एक शब्दही बोलले नाही. पण त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले, कारण बाकडे एकच आहे.

७. तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे. आता वेगळे करू नका. आहे ते पाकीट, आहे तसे, माझ्या पतींच्या नावावर करून मला द्या. मी ते लहान पेटीसह एकाच खड्ड्यात पुरीन. दगडावर नाव फक्त माझ्या नवऱ्याचे असेल. दुसऱ्याचे नाव नाही, खूण नाही, तो कुठे आहे हे कोणाला कळणार नाही, त्याच्या आईलाही मी सांगणार नाही. आपल्या नियमाला जे हवे आहे ते सर्व यात होते, आणि फुले वाहिली गेली तरी ती ज्याची आहेत त्यालाच वाहिली जातील.

हे सुचले तेव्हा माझीच मला किळस आली होती. नवऱ्याच्या शेजारी त्याचा मारेकरी कायमचा निजवायचा! सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगावे, कळेना. अखेर भाजी निवडताना सांगून टाकले. त्यांनी हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाल्या, “त्यानं धरून ठेवलाय ना? मग असू दे तसाच. सुटला तर परत कुठंतरी जाईल.”

पाकीट न्यायला सासूबाई आणि मी, आम्ही दोघी येऊ.

उत्तर मिळेपर्यंत आपल्याच बाकड्यावर बसणारी,

(सही)
फाटकावरील सुरक्षारक्षकाची पत्नी

दिनांक: आवक शिक्का पडेल तो.

सोबत: १) पतींच्या ओळखपत्राची प्रत. २) सासूबाईंचे संमतिपत्र, अंगठ्यासह.